आपली सूर्यमाला : पाठ्यपुस्तकातील चित्रापलीकडे

या स्मरणिकेचे वाचक एकाच वयाचे नाहीत. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थी आज स्वतः पालक झाले आहेत, काहींची मुले याच वसतिगृहात राहून शिकत आहेत, आणि काही घरांत आजी-आजोबाही हा अंक हाती घेतील. या सर्वांना ‘ग्रह किती?’ असा साधा प्रश्न विचारला, तर एकच उत्तर मिळणार नाही. २००६ पूर्वी ज्यांनी शाळा सोडली ते ‘नऊ’ म्हणतील. आज सहावीत असलेली मुलगी ‘आठ’ म्हणेल. आजीही नऊच म्हणेल, पण तिचे नऊ वेगळे असतील. त्यांत रवी आणि सोम असतील, राहू आणि केतू असतील, आणि ज्या जमिनीवर बसून ती ते मोजते ती पृथ्वी मात्र त्यांत नसेल. एकाच घरातील ही तीन उत्तरे समोरासमोर यावीत आणि त्यांचा नीट उलगडा व्हावा, या हेतूने आम्ही विज्ञान विषयाच्या शिक्षकांनी हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम आजीच्या नऊ ग्रहांकडे पाहू. दुर्बीण नसलेल्या काळात आकाश पाहणाऱ्यांना असे दिसले की बहुतेक तारे परस्परांतील अंतर न बदलता एकत्र सरकतात, आणि काही मोजक्या ज्योती मात्र त्या ताऱ्यांमधून आपली जागा बदलत फिरतात. या फिरणाऱ्या ज्योतींना ग्रह म्हटले गेले. त्या अर्थाने सूर्य आणि चंद्र हेही ग्रहच ठरले. निरीक्षण चोख होते. वर्गीकरण आज बदलले आहे. आज आपण सूर्याला तारा म्हणतो आणि चंद्राला पृथ्वीचा उपग्रह. राहू आणि केतू तर वस्तूच नव्हेत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. ही दोन प्रतले जेथे एकमेकांना छेदतात, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमा किंवा अमावास्येला चंद्र या बिंदूंच्या जवळ असला तरच ग्रहण होते. एरवी तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. वैशाख पौर्णिमेला वसतिगृहाच्या गच्चीवरून जे पूर्ण चंद्रबिंब आपण पाहतो, ते बहुतेक वर्षी निर्वेध दिसते याचे कारण हा ५ अंशांचा कल होय. ग्रहण हे पृथ्वीच्या आणि चंद्राच्या सावल्यांमुळे होते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले आहे. दीड हजार वर्षे झाली. ग्रहणकाळात गर्भवतीला घरात कोंडण्याची प्रथा मात्र अजून पुरती गेलेली नाही.

आता सूर्यमालेच्या रचनेकडे वळू. सूर्यमाला म्हणजे सूर्य आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले सर्व काही : आठ ग्रह, त्यांचे उपग्रह, बटुग्रह, लघुग्रह, धूमकेतू, आणि या सर्वांच्या मधल्या पोकळीतील धूळ. ही व्याख्या वाचताना असा समज होतो की सूर्य हा या कुटुंबातील एक मोठा सदस्य आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे ९९.८६ टक्के वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. आपल्या परिचयाच्या मापात सांगावयाचे तर, सारी सूर्यमाला म्हणजे ज्वारीचे शंभर किलोचे एक पोते मानले, तर ९९ किलो ८६० ग्रॅम ज्वारी सूर्याची झाली. उरलेल्या एका ओंजळीत बाकी सगळे आले. त्यांतील सुमारे ९५ ग्रॅम गुरूचे, सुमारे २९ ग्रॅम शनीचे, आणि युरेनस व नेपच्यून यांचे मिळून दहा ग्रॅमच्या आत. आपल्या पृथ्वीच्या वाट्याला ०.३ ग्रॅम येते, म्हणजे ज्वारीचे जेमतेम दहा दाणे. सर्व समुद्र, पर्वत, शेते आणि शहरे त्या दहा दाण्यांत सामावलेली आहेत.

हा सूर्य जळत नाही. ‘सूर्य हा आगीचा गोळा आहे’ हे वाक्य आम्ही उत्तरपत्रिकांत दरवर्षी वाचतो, म्हणून मुद्दाम सांगतो. जळण्यासाठी ऑक्सिजन लागतो. सूर्यावर घडते ते वेगळेच. त्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे आणि दाबही प्रचंड आहे. त्या स्थितीत हायड्रोजनची अणुकेंद्रके एकत्र येऊन हेलियमचे केंद्रक बनते. प्रत्येक सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे असे रूपांतर होते, आणि त्यांतील चाळीस लाखांहून अधिक टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. पृष्ठभागावर तापमान उतरून सुमारे ५,५०० अंश राहते. तेथून निघालेला प्रकाश पृथ्वीवर यावयास ८ मिनिटे २० सेकंद लागतात. सूर्याचे आयुष्य निम्मेही सरलेले नाही. सुमारे ४६० कोटी वर्षे झाली, अजून सुमारे ५०० कोटी वर्षे हे चालू राहील.

या ४६० कोटी वर्षांच्या आरंभी काय होते? वायू आणि धूळ यांचा एक विशाल, थंड, मंद गतीने फिरणारा मेघ. तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला. आकसताना त्याची फिरण्याची गती वाढली, आणि फिरता मेघ भाकरीसारखा चपटा झाला. मध्यभागी बहुतेक द्रव्य गोळा होऊन सूर्य बनला. कडेच्या चपट्या तबकडीत उरलेल्या द्रव्यापासून ग्रह बनले. सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच प्रतलात का फिरतात, याचे उत्तर या चपट्या तबकडीत आहे.

ग्रहांचे दोन गट का पडले, हेही याच तबकडीतून समजते. सूर्याजवळ उष्णता इतकी होती की तेथे केवळ धातू आणि खडकांची द्रव्येच घन राहू शकत होती. ही द्रव्ये मूळ मेघात फार थोडी होती. म्हणून आतले चार ग्रह, बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ, लहान व खडकाळ झाले. मंगळाच्या कक्षेपलीकडे मात्र पाणी, अमोनिया, मिथेन यांचा बर्फ टिकत होता. घन द्रव्य भरपूर मिळाल्याने तेथील ग्रहांचे गाभे मोठे झाले आणि त्यांनी भोवतालचा हायड्रोजन व हेलियम वायूही ओढून घेतला. गुरू आणि शनी असे वाढले. युरेनस आणि नेपच्यून यांना वायू कमी मिळाला. त्यांच्यात पाणी, अमोनिया व मिथेन यांचे प्रमाण अधिक आहे. हे सारे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही, असा आक्षेप चौकस विद्यार्थी घेतो आणि तो घ्यावाच. त्याला उत्तर असे की त्या काळचे तुकडे आजही आकाशातून पडतात. अशनींमधील सर्वांत जुन्या कणांचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आधारे मोजले आहे. ते सुमारे ४५७ कोटी वर्षे भरते. शिवाय दुर्बिणींतून इतर तरुण ताऱ्यांभोवती अशाच तबकड्या आता प्रत्यक्ष दिसू लागल्या आहेत.

पाठ्यपुस्तकातील सूर्यमालेच्या चित्राबद्दल आमची एक तक्रार आहे. त्या चित्रात ग्रह एकमेकांना खेटून, दिवाळीच्या आकाशकंदिलांसारखे ओळीने टांगलेले दिसतात. चित्रकाराचा त्यात दोष नाही. पानाची रुंदीच तेवढी असते. पण त्यामुळे सूर्यमालेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य, तिच्यातील मोकळी जागा, मुलांच्या लक्षातच येत नाही. म्हणून आम्ही मुलांना मैदानावर नेऊन सूर्यमाला मांडावयास सांगतो. हा प्रयोग घरीही करता येतो आणि त्याला स्वयंपाकघरातील डबे पुरतात.

सूर्याच्या जागी दहा सेंटीमीटर व्यासाचे एक मोठे डाळिंब घ्या. याच प्रमाणात पृथ्वी म्हणजे खसखशीचा एक दाणा होतो, ०.९ मिलिमीटरचा. तो दाणा डाळिंबापासून १०.७ मीटर अंतरावर, म्हणजे कबड्डीच्या मैदानाच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक दूर ठेवावा लागतो. बुध हा रव्याचा बारीक कण, चार मीटरवर. शुक्र हाही खसखशीचा दाणा, पावणेआठ मीटरवर. मंगळ रव्याचा जाडसर कण, १६ मीटरवर. ही खो-खोच्या मैदानाची रुंदी. येथपर्यंत सगळे एका मैदानात मावते. पुढे गुरू म्हणून काबुली चणा ठेवण्यासाठी ५६ मीटर चालावे लागते. शनी हा साध्या हरभऱ्याचा दाणा, १०३ मीटरवर, म्हणजे शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीच्या रेषेपलीकडे. युरेनस आणि नेपच्यून हे मुगाचे दोन दाणे. पहिला २०६ मीटरवर आणि दुसरा ३२३ मीटरवर. बहुतेक शाळांचे कुंपण तोवर संपलेले असते आणि नेपच्यून रस्त्यावर किंवा कोणाच्या तरी शेतात जाऊन पडतो. चंद्र या मांडणीत रांगोळीचा एक कण आहे, खसखशीच्या दाण्यापासून पावणेतीन सेंटीमीटरवर. आजवर माणूस स्वतः जेवढा दूर जाऊ शकला आहे, ते अंतर एवढेच.

या मैदानावर प्रकाशाची गती किती होते? सेकंदाला सुमारे दोन सेंटीमीटर. विश्वातील सर्वांत वेगवान गोष्ट आमच्या मैदानावर मुंगीच्या चालीने चालते. डाळिंबापासून निघालेली मुंगी खसखशीच्या दाण्यापाशी ८ मिनिटे २० सेकंदांनी पोचते, आणि नेपच्यूनच्या मुगापाशी जावयास तिला चार तास दहा मिनिटे लागतात. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तो या प्रमाणात सुमारे २,८८० किलोमीटर दूर येतो. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, हे भूगोलात शिकलेले असतेच. म्हणजे एक डाळिंब काश्मीरमध्ये ठेवले, तर दुसरे कन्याकुमारीच्या आसपास, आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. मुंगीला हा प्रवास सव्वाचार वर्षे पुरतो. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-१ हे यान मानवाने पाठविलेल्या वस्तूंत सर्वांत दूर गेलेले आहे. आमच्या मांडणीत ते अजून दोन किलोमीटरही गेलेले नाही.

ग्रहांची एकेक माहिती पुस्तकांत सहज मिळते, म्हणून येथे सर्वांना सारखी जागा देत नाही. बुधावर हवा नसल्यासारखीच, त्यामुळे दिवसा ४३० अंश आणि रात्री उणे १८० अंश. युरेनस आडवा पडून फिरतो. नेपच्यूनला सूर्याभोवती एक फेरी घालावयास १६५ वर्षे लागतात. १८४६ साली सापडल्यानंतर त्याची पहिली फेरी २०११ साली पुरी झाली. तो आधी कागदावरच सापडला होता : युरेनसच्या गतीतील किंचित अनियमिततेवरून फ्रान्सच्या ले व्हेरिये यांनी गणित करून अज्ञात ग्रहाची जागा सांगितली, आणि बर्लिनच्या वेधशाळेत गाल यांनी त्याच रात्री दुर्बीण लावली, तेव्हा तो सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत दिसला.

शुक्राजवळ मात्र थांबावयास हवे. तो आकाराने पृथ्वीचा जुळा भाऊ. शुक्राची चांदणी म्हणून आपण तिचे कौतुक करतो. पण त्याच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६५ अंश आहे, सूर्याला त्याच्यापेक्षा जवळ असलेल्या बुधापेक्षाही अधिक. हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट, आणि वर सल्फ्युरिक आम्लाचे ढग. कारण एकच : त्याच्या वातावरणात सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. हा वायू सूर्यप्रकाश आत येऊ देतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपल्या हवेत हाच वायू अगदी अल्प आहे आणि तो वाढत चालला आहे. पृथ्वी शुक्र होईल असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. परंतु एका वायूच्या प्रमाणाने ग्रहाचे रूप किती पालटते, याचा नमुना शेजारीच ठेवलेला आहे.

मंगळ आणि शनी यांच्याविषयी लिहिताना आमच्यासमोर विद्यार्थ्यांपेक्षा पालक अधिक आहेत. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीचे जमत आलेले लग्न ‘मंगळ आहे’ या दोन शब्दांनी मोडते, हे आपण आजूबाजूला पाहतो. पत्रिका न मानणाऱ्या कुटुंबांतही समोरच्या घराने विचारले म्हणून ती काढून आणली जाते. म्हणून मंगळ काय आहे ते पाहू. तो पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा, थंड, कोरडा ग्रह आहे. त्याची लाली ही त्याच्या मातीतील लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे साध्या गंजाची आहे. त्याचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा, आपल्यासारखाच. त्याच्यावर सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे आणि वाहून गेलेल्या पाण्याच्या खुणा आहेत. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात त्याच्या कक्षेत पोचले. पत्रिकेतील नियम असा की बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच. साध्या गणिताने, जगातील दर बारा माणसांपैकी पाच जण मंगळाचे ठरतात. एवढ्या मोठ्या संख्येला लागू होणाऱ्या गोष्टीने एका मुलीचे भविष्य कसे ठरावे?

शनीचेही तसेच. तो सूर्याभोवती एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत घालतो. आकाशाच्या वर्तुळाचे बारा भाग म्हणजे बारा राशी. प्रत्येक राशीतून जावयास त्याला अदमासे अडीच वर्षे लागतात. आपल्या राशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास मिळून साडेसात वर्षे. साडेसाती एवढ्याच हिशेबातून निघाली आहे. म्हणजेच कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना ती चालू असते. पृथ्वीवरील दर चार माणसांत एकाला. ‘वक्री’ होणे हाही असाच दृष्टीचा खेळ आहे. आपली एसटी बैलगाडीला ओलांडून पुढे जाते, तेव्हा दूरच्या डोंगरांच्या पार्श्वभूमीवर ती गाडी क्षणभर मागे सरकल्यासारखी वाटते. पृथ्वी मंगळाला किंवा शनीला आतल्या कक्षेतून ओलांडते, तेव्हा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ते ग्रह असेच मागे जाताना दिसतात. ते उलटे फिरत नाहीत. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत एक साधी परीक्षा घेतली होती, तिचा निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अत्यंत हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली. बरोबर आलेली उत्तरे सरासरी ४६ टक्के होती. नाणे उडविले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती.

खरा शनी मात्र एकदा तरी दुर्बिणीतून पाहावा. त्याची कडी लहान दुर्बिणीतूनही दिसतात. असंख्य बर्फाळ तुकड्यांनी बनलेली ती कडी लाखो किलोमीटर पसरलेली असून जाडीने फार पातळ आहेत. शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी आहे, आणि त्याचे अडीचशेहून अधिक उपग्रह नोंदले गेले आहेत. गुरूचे चार मोठे उपग्रह तर साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून, हात स्थिर ठेवल्यास, ठिपक्यांसारखे दिसतात. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने ते पाहिले, रोज त्यांच्या जागा टिपून ठेवल्या, आणि आकाशातील सर्वच गोष्टी पृथ्वीभोवती फिरत नाहीत याचा पुरावा त्याला मिळाला.

आता माजी विद्यार्थ्यांचा नववा ग्रह. प्लूटो गेला कोठे? कोठेही नाही, तो आपल्या कक्षेत फिरतोच आहे. त्याचा शोध लावणाऱ्याची हकिकत आम्ही वसतिगृहातील मुलांना आवर्जून सांगतो. अमेरिकेतील क्लाइड टॉमबॉ हा शेतकऱ्याचा मुलगा. गारपिटीने घरचे पीक गेले आणि त्याचे महाविद्यालयात जाणे राहिले. त्याने शेतीच्या व मोटारीच्या जुन्या भागांपासून दुर्बीण केली, आरसे स्वतः घासले, आणि गुरू व मंगळ यांची चित्रे काढून लॉवेल वेधशाळेला पाठविली. तेथे त्याला काम मिळाले : आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे एकाआड एक पाहायची आणि लाखो ठिपक्यांत जागा बदलणारा ठिपका शोधायचा. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो त्याला सापडला. प्लूटो हे नाव सुचविले इंग्लंडमधील व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने.

पुढे नेपच्यूनपलीकडच्या पट्ट्यात, ज्याला कायपर पट्टा म्हणतात, प्लूटोसारखे अनेक बर्फाळ गोल सापडत गेले. २००५ साली जवळजवळ त्याच आकाराचा एरिस सापडल्याचे जाहीर झाले. आता सर्वांना ग्रह म्हणावे, की व्याख्याच करावी? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने व्याख्या केली. ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेले असावे, आणि आपल्या कक्षेच्या परिसरात त्याचेच प्रभुत्व असावे. तिसऱ्या अटीत प्लूटो बसला नाही. तो सेरेस, हौमिया, माकेमाके आणि एरिस यांच्यासह बटुग्रह ठरला. सेरेसचे तर असे दुसऱ्यांदा झाले. १८०१ साली सापडल्यावर तोही काही दशके ग्रह म्हणवला जात होता. त्याच्या शेजारी आणखी सोबती सापडू लागले तेव्हा तो लघुग्रहांत गेला. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून गेले. त्या यानात टॉमबॉ यांच्या रक्षेचा थोडा अंश ठेवलेला होता.

मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रहांचा पट्टा चित्रपटांत दगडांच्या दाट वादळासारखा दाखवितात. प्रत्यक्षात त्या सर्व लघुग्रहांचे एकत्रित वस्तुमान आपल्या चंद्राच्या सुमारे तीन टक्के आहे, आणि ते इतके विरळ आहेत की याने त्यातून बिनधोक जातात. कधी यांतला एखादा तुकडा भरकटून पृथ्वीच्या वाटेत येतो. वातावरणात घर्षणाने व दाबाने तापून चमकतो ती उल्का. जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच एका आघाताने झाले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसाल्टच्या काळ्या कातळात खणले गेले आहे. तेथील खडकांत आघाताच्या दाबाने काचेसारखी झालेली खनिजे सापडली, तेव्हा ते ज्वालामुखीचे मुख नसून आघाती विवर असल्याचे निश्चित झाले. शाळेची सहल लोणारला गेली की मुले देवळे आणि खारे पाणी पाहून परततात. काठावर उभे राहून समोरचा गोल कडा न्याहाळावा. चंद्रावर दुर्बिणीतून दिसतात ती विवरे याच जातीची आहेत.

उल्का पाहावयाच्या असतील तर डिसेंबरच्या १३-१४ तारखेची रात्र उत्तम. ऑगस्टमधील उल्कावर्षावाचे कौतुक पुस्तकांत असते, पण आपल्याकडे तेव्हा पावसाचे ढग असतात. डिसेंबरच्या वर्षावाला दुर्बीण लागत नाही. घोंगडी, काळोख आणि धीर पुरतो. सूर्याकडे मात्र, दुर्बीण असो वा नसो, संरक्षक गाळणीवाचून कधीही पाहू नये. त्यासाठी भारताचे आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पहारा देत आहे, आणि त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली आहे.

राहता राहिले धूमकेतू. हे बर्फ आणि धुळीचे काही किलोमीटर लांबीरुंदीचे ओबडधोबड गोळे होत. सूर्याजवळ आले की त्यांच्यातील बर्फाची वाफ होते आणि शेपूट फुटते. ती सदैव सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, मग धूमकेतू येत असो वा परतत असो. त्यांतील काही कायपर पट्ट्याकडून येतात, तर दीर्घ मुदतीचे ऊर्ट मेघ नावाच्या अतिदूरच्या, अद्याप प्रत्यक्ष न दिसलेल्या गोलाकार वेष्टनातून येत असावेत. पूर्वी धूमकेतू म्हणजे अनिष्टाची चाहूल मानत. एडमंड हॅली यांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या आणि सुमारे ७६ वर्षांनी येणारा तो एकच पाहुणा आहे, तो १७५८ साली परतेल, असे सांगितले. ते स्वतः १७४२ साली वारले. त्या वर्षीच्या नाताळच्या रात्री जर्मनीतील पालिच या आकाशनिरीक्षणाचा छंद असलेल्या शेतकऱ्याने तो सर्वप्रथम पाहिला. हॅलीचा धूमकेतू १९८६ साली येऊन गेला. तो पाहण्यासाठी पहाटे उठल्याचे आमच्या वाचकांतील काहींना आठवत असेल. ९ डिसेंबर २०२३ रोजी तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे आपल्या सर्वांत दूरच्या बिंदूवर पोचला, वळला, आणि आता परत येत आहे. जुलै २०६१ च्या अखेरीस तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. आज पाचवीत असलेली मुले तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली असतील. महाराष्ट्रात तो भर पावसाळा. ज्यांना तो नीट पाहावयाचा असेल त्यांनी ढग नसलेल्या कोरड्या मुलखात जाण्याची तयारी ठेवावी.